नकाशेवाला आला होता

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी माणसं जमत आणि आपल्या आयुष्यात खरोखर घडलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत. नियम थोडेच होते. हातात कागद नको, रचलेलं नको, आणि गोष्ट स्वतःची हवी. ग्रंथपालबाई दारातच हे सांगायच्या, नवीन माणसाला दोनदा.

ताई तिथे पहिल्यांदा गेली ती धाकट्या बहिणीच्या आग्रहाने. धाकटी चाळिशीला टेकली होती तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. छोटी ड्रायव्हिंग शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसभर "क्लच, क्लच, अहो तो ब्रेक आहे" करून तिचा आवाज खणखणीत झाला होता आणि भीड मेली होती. ताईचं काम अगदी उलट. दातांच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे बसून ती कवळ्या बनवायची. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप मऊ लगद्यात उमटवून आत पाठवायचा. ताई त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चकाकी आणायची. कवळी घालून पेशंट आरशात बघून हसायचा, तेव्हा त्याच्यासमोर डॉक्टर असायचा. ताईला याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

त्या रविवारी छोटी बोलायला उभी राहणार होती. बसमध्ये ताईने विचारलं, "काय सांगणार आहेस?" तर छोटी म्हणाली, "ऐकशीलच की. आधी सांगितलं तर मजा जाते." ताईला वाटलं, कुणीतरी गाडी भिंतीवर घातली असेल, त्याची हकिगत असणार.

छोटी माइकसमोर गेली, लोक गप्प होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "माझ्या ताईच्या लग्नाच्या दिवशी नवरदेव आलाच नाही."

ताईच्या हातात चहाचा कागदी कप होता. तो तिने हळूच खुर्चीखाली ठेवला.

गोष्ट तशी कुणापासून लपलेली नव्हती. ताई तरुण असताना पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणाऱ्या एका माणसाशी तिचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे त्या दोघांनीच ठरवलं, घरच्यांनी मान डोलावली. नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या, एवढाच बेत होता. ताई, आई, बाबा, साक्षीदार म्हणून एक काका आणि शाळा बुडवून आलेली छोटी, अशी मंडळी सकाळीच जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. नकाशेवाला आला नाही. दुपार झाली तरी आला नाही. कार्यालय बंद व्हायच्या वेळी कारकून बाहेर डोकावून म्हणाला, "उद्या येता का? उद्या गर्दी कमी असते." पुढे नकाशेवाला कधीच दिसला नाही. त्याने दुसऱ्या गावी बदली करून घेतली, एवढं कानावर आलं. घरात त्याचं नाव कुणी घेईना. घ्यायची वेळ आलीच तर 'तो नकाशेवाला'.

हेच छोटीने सांगितलं, पण तिने सांगितलं तेव्हा ते डोळ्यांसमोर उभं राहिलं. ताईच्या नव्या चपला चावत होत्या. तिने त्या बाकाखाली सरकवल्या होत्या, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की ती घाईघाईने त्या पायात घालायची. बाबा भिंतीवरची आवश्यक कागदपत्रांची सूचना पुन्हापुन्हा मोठ्याने वाचत होते, जणू एखादं कागदपत्र राहिलं म्हणूनच नवरदेव अडला होता. काका त्याला शोधायला म्हणून गेले आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. लोक हसत होते, आणि हसता हसता गप्प होत होते.

"मी भोकाड पसरलं," छोटी म्हणाली. "सगळं कार्यालय बघायला लागलं. आणि रडता रडता मला वाटलं, साऱ्या शहराचे नकाशे काढतो हा माणूस, आणि याला हा एवढा एक रस्ता सापडू नये?"

हॉल खदखदून हसला. कुणीतरी पाय आपटले. टाळ्या थांबेनात.

ते वाक्य ताईचं होतं. त्या दिवशी बाकावर बसून, रडणाऱ्या छोटीचं डोकं मांडीवर घेऊन, तिच्या कानात ताईनेच ते म्हटलं होतं. पोरीने रडं थांबवावं म्हणून.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई डोळे पुसत ताईला म्हणाल्या, "काय सांगतात ना! त्या बिचाऱ्या बहिणीचं पुढे काय झालं असेल?"

"कवळ्या करते," ताई म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही. त्या हसल्या आणि उठून छोटीकडे गेल्या. छोटीभोवती घोळका जमला होता. एक म्हातारे गृहस्थ तिचा हात हातात घेऊन म्हणत होते, "किती सोसलंत हो तुम्ही."

घरी आल्यावर ताईने स्वतःच्या मनात राग शोधला. न विचारता आपलं दुखणं चव्हाट्यावर मांडलं, असा राग यायला हवा होता. तो सापडेना. सापडलं ते वेगळंच होतं, आणि ते पाहून ती चपापली. आपली गोष्ट सांगितली गेली याचं तिला दुःख नव्हतं. ती इतकी चांगली सांगितली गेली आणि सांगणारी आपण नव्हतो, हे तिच्या पोटात दुखत होतं. सोसलं आपण, टाळ्या हिला. आपण बीळ खणायचं आणि आयत्या बिळावर या नागोबाने फणा काढून डोलायचं.

पुढचे दिवस ती मनातल्या मनात जळत राहिली. छोटीचा फोन आला की "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायची. छोटीच्या हसण्याचा आवाज, जो तिला इतकी वर्षं आवडायचा, तो आता खोटा वाटायला लागला. लहानपणीच्या गोष्टी उकरून निघाल्या. हिला नाचता यायचं, हिला पाहुण्यांसमोर बोलता यायचं, हिने काच फोडली तरी सगळे हसायचे. एका पेशंटच्या कवळीत तिने सुळा उलट्या बाजूला बसवला आणि डॉक्टरची बोलणी खाल्ली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

मग तिने ठरवलं, आपली गोष्ट आपण सांगायची. दवाखाना बंद झाल्यावर ती मागच्या खोलीत उभी राहून सराव करू लागली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. त्यांच्याकडे बघून ती म्हणायची, "नमस्कार. ही माझी गोष्ट आहे." 'माझी' वर जोर द्यायची. जबडे ऐकून घ्यायचे.

ग्रंथपालबाईंना तिने नाव दिलं तेव्हा छोटीला कोण आनंद झाला. "ताई, तू बोलणार? कुठली गोष्ट?"

"ऐकशीलच की," ताई म्हणाली.

त्या रविवारी हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता. ताई उभी राहिली. माइक तिला उंच झाला, तो कुणीतरी येऊन खाली केला. तिने सुरुवात केली. कॉरिडॉर, बाक, चपला. सगळं खरं होतं, छोटीने सांगितलं त्यापेक्षाही खरं, कारण चपला नक्की कुठे चावत होत्या हे फक्त तिलाच ठाऊक होतं. पण चपलांना कुणी हसलं नाही. बाबांच्या सूचनेला एकदोघे ओळखीचं हसले. लोक तिच्याकडे जरा संकोचून पाहत होते. कुणी दुसऱ्याचा जोक परत सांगायला लागलं की समोरच्याचा चेहरा जसा होतो, तसे सगळे चेहरे झाले होते. तिने आपलं वाक्य म्हटलं, शहराचे नकाशे आणि एक रस्ता. दुसऱ्या रांगेतला एक माणूस शेजारणीकडे झुकून कुजबुजला, आणि त्या शांततेत ते तिला स्वच्छ ऐकू आलं. "हे तर मागच्या वेळच्या बाईंचं."

ताईने ठरवलेला शेवट साधा होता. तो आला नाही. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बस, इतकंच. कारण घडलंच इतकं होतं. पण तिची नजर छोटीवर गेली. छोटी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती, धीर देणारी, प्रेमळ, नवशिक्याला गाडी जमत नसली की हलवत असेल तशी. ती मान पाहिली आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीलाही इतकंच माहीत आहे. पण तो आला होता."

हॉलमधली हालचाल थांबली. छोटीची मानही थांबली.

ताई पुढे बोलत गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण प्रत्येक शब्द तयार होऊन येत होता. दोनतीन दिवसांनी सकाळी तो दवाखान्याच्या मागच्या दाराशी आला. शर्ट घामाने भिजलेला होता. म्हणाला, चल, आत्ता चल, कार्यालय उघडलं असेल. माझ्या हातात एका म्हातारीच्या तोंडाचं माप होतं. प्लास्टर कालवून झालं होतं. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, थांब, एवढं ओतून घेते. तो दारात उभा राहिला. मी ओतलं, साचा टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे काढले, हात धुतले, पुसले. वळून बघते तर तो घड्याळाकडे बघत होता. मी एक अख्खा दिवस थांबले होते. याला प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबवत नव्हतं. मी म्हटलं, जा. तो गेला. मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारीची कवळी मात्र फार छान बसली.

टाळ्यांचा असा लोट आला की ताईला माइकची दांडी धरावी लागली. दुसऱ्या रांगेतला तो माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

खाली उतरल्यावर छोटीने तिला घट्ट मिठी मारली. तिचे गाल ओले होते. "तू मला का नाही सांगितलंस?" ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "इतकी वर्षं? मला?"

"राहून गेलं," ताई म्हणाली. तिच्या कानात अजून टाळ्या होत्या. त्या संध्याकाळी ती जितकी खूश होती तितकी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

खुशी सोमवारपर्यंत टिकली. सोमवारी ती कामावरून आली तर आई दारातच उभी. ताई आईजवळच राहायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. छोटीने दुपारी येऊन आईला सगळं सांगितलं होतं.

"आला होता म्हणे तो," आई म्हणाली.

ताईने चप्पल काढायला वेळ लावला.

"मला बोलायचीस तरी," आई म्हणाली. "मी त्याला आदल्या आठवड्यात टोचून बोलले होते. जेवायला बोलावलं तर तासभर उशिरा आला. मी म्हटलं, लग्नाला तरी वेळेवर या. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. मला वाटायचं, त्याच रागाने तो आला नाही. माझ्या जिभेने पोरीचा संसार मोडला." तिने पदराने नाक पुसलं, आणि मग तिला हसू फुटलं. "आणि तू त्याला हाकललंस होय. बरं केलंस. सुंठीवाचून खोकला गेला."

आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. ताईच्या घशाखाली घास उतरेना. आता खरं सांगायचं म्हणजे आईच्या डोक्यावरून उतरलेलं ओझं पुन्हा उचलून ठेवायचं. तिने ठरवलं, गप्प बसावं. चार दिवसांत सगळे विसरतील.

पण गावातल्या मोठ्या नाट्यगृहात अशाच गोष्टींचा कार्यक्रम ठरला, आणि ग्रंथपालबाईंनी छोटीचं नाव सुचवलं. त्यांनी ताईचं नाव का नाही सुचवलं, हा विचार ताईच्या मनात सगळ्यात आधी आला, याची नंतर तिलाच लाज वाटली.

छोटी विचारायला आली. "ताई, आपली गोष्ट सांगू? तुझा शेवट घेऊन? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

'नको' म्हटलं तर 'का नको' तेही सांगावं लागलं असतं. "सांग की," ताई म्हणाली. "तूच चांगली सांगतेस."

छोटीला त्यातली धार कळली नाही. ती खुशीत गेली.

नाट्यगृहात ताई आणि आई मधल्या रांगेत बसल्या. छोटीने या वेळी वेगळीच सुरुवात केली. "मी इतकी वर्षं एक गोष्ट माझी म्हणून सांगत होते. एका रविवारी कळलं, ती माझी नव्हतीच." मग तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी ती स्वतः वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून, आपल्याला सगळं माहीत आहे अशा थाटात मान हलवत कशी बसली होती, आणि 'तो आला होता' हे शब्द ऐकल्यावर तिची मान कशी थांबली, तेही सांगितलं. प्लास्टर, घड्याळ, 'जा'. ताईने जिथे दोन वाक्यं घेतली होती तिथे छोटीने एकच घेतलं आणि थांबली. त्या थांबण्यात सारं नाट्यगृह श्वास रोखून बसलं.

आईने ताईचा हात दाबला. ताईला रडू येत होतं, पण आईला वाटलं त्या कारणाने नाही. जे कधी घडलंच नव्हतं, जे तिने एकटीने उभ्या उभ्या घडवलं होतं, तेही छोटी तिच्यापेक्षा चांगलं सांगत होती. एक खोटं तेवढं तिचं स्वतःचं होतं. तेही गेलं.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं होतं. ते फोनवरून फोनवर फिरलं. दवाखान्यातल्या पेशंटनीही ऐकलं. डॉक्टर एकदा मागच्या खोलीत डोकावून म्हणाला, "बाई, ते दार हेच का?" ताईने हो म्हटलं.

मग एके दिवशी दुपारी दवाखान्याच्या फोनवर तिला कुणीतरी विचारलं. तिने हात पुसून फोन घेतला.

"कोण बोलतंय?"

"मी," पलीकडचा माणूस म्हणाला. "म्हणजे, नकाशेवाला. तुमच्या बहिणीने तसंच म्हटलंय ना."

आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता. ताई स्टुलावर बसली.

"माझ्या मुलीने ऐकवलं मला," तो म्हणाला. "तिला ठाऊक होतं. एकदा मीच सांगितलं होतं, एका मुलीला मी असं बसवून ठेवलं होतं म्हणून. तेव्हापासून ती माझ्याशी जरा तुटकच वागायची. परवा ते ऐकून मला म्हणाली, बाबा, तुम्ही गेला होता, मग हे मला का नाही सांगितलंत?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. गप्प बसलो."

"तुम्ही आला नव्हता."

"नाही."

बाहेर डॉक्टरच्या यंत्राची घरघर चालू होती.

"घरातून निघालोच नाही मी," तो म्हणाला. "तयार होऊन बसलो होतो. आता उठू, मग उठू असं करत दिवस गेला. कारण काही नव्हतं. तुला सांगण्यासारखं कारण असतं तर तेव्हाच कळवलं असतं." 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या लक्षात आलं नसावं. "तू असं का सांगितलंस ते मी विचारत नाही. माझ्यासाठी नसणार, एवढं कळतं. पण पोरगी आता जवळ येऊन बसते. तेवढं राहू दे तसंच."

"आईच्या बोलण्याचा राग आला होता का तुम्हाला? उशिरा आलात म्हणून बोलली होती ती."

"केव्हा?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

ताईने फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग तिला राग आला. इतक्या वर्षांचा, कॉरिडॉरमध्ये यायला हवा होता आणि आला नव्हता, तो राग. या माणसाने काही केलं नव्हतं. येण्याचे कष्ट घेतले नव्हते, दोन ओळी खरडल्या नव्हत्या. आणि तिने बहिणीवर कुरघोडी करायच्या नादात त्याला घामाने भिजवून, धावत आणून दारात उभं केलं होतं. लेकीच्या नजरेत त्याला वर चढवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने अॅप्रन काढला, डॉक्टरला सांगितलं आणि निघाली.

छोटी मैदानाच्या कडेला गाडी लावून पुढच्या शिकाऊ माणसाची वाट बघत होती. ती नेहमीच्या डावीकडच्या सीटवर होती, जिथे शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक असतो. म्हणून ताईला स्टिअरिंगसमोर बसावं लागलं. तिला गाडी येत नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले.

"नकाशेवाल्याचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय सांगतेस! काय म्हणाला?"

"तो आला नव्हता, छोटी. कधीच. ते मी तिथल्या तिथे रचलं."

छोटी तिच्याकडे बघत राहिली. आधी ती हसली, थट्टा असावी म्हणून. मग तिचं हसू मावळलं.

"सगळं?"

"मागच्या दारापासून पुढचं सगळं."

"मी भरल्या नाट्यगृहात सांगितलं ते. खरं म्हणून. आईसमोर." छोटीचा आवाज खणखणीत नव्हता. "का केलंस असं?"

ताईने वाटेत पुष्कळ कारणं जुळवली होती. त्यातलं एकही तिला सांगावंसं वाटलं नाही. "तुला टाळ्या पडल्या म्हणून," ती म्हणाली. "माझ्या दुखण्यावर. आणि ते रस्त्याचं वाक्य माझं होतं. मी तुझ्या कानात म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस?"

"तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतीस तेव्हा."

छोटी समोरच्या काचेतून बाहेर बघत बसली. तिला ते आठवत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खोटेपणाने घेतलं नव्हतं तिने. ते वाक्य तिच्यात राहिलं होतं आणि इतक्या वर्षांत तिचं झालं होतं.

"तुला माझा हेवा वाटला," ती शेवटी म्हणाली. "आणि मला कुणाचा वाटत असेल? आपल्या घरात काही घडलं की ते तुलाच घडायचं. तू आजारी पडायचीस तर हॉस्पिटलात. तू प्रेमात पडलीस तर घर डोक्यावर. लग्न मोडलं तेही असं की गल्ली वर्षभर बोलत होती. बाबा तुझ्याशी हळू आवाजात बोलायचे. माझ्याशी कधी कुणी हळू आवाजात बोललं? मी उभी राहून काय सांगणार होते, ताई? माझ्याकडे होतं काय? त्या दिवशी मी तिथे होते, एवढंच माझं होतं."

ताईला हे कधी सुचलं नव्हतं. त्या बाकावर बसून कुणी आपला हेवा करत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण खिडकीवर टकटक झाली. पुढचा शिकाऊ माणूस आला होता.

"उतर आता," छोटी म्हणाली. "माझा क्लास आहे."

त्यानंतर बरेच आठवडे दोघी बोलल्या नाहीत. छोटीने कार्यक्रमवाल्यांना सांगून रेकॉर्डिंग काढायला लावलं. ग्रंथपालबाईंना तिने काय सांगितलं ते ताईला कळलं नाही, पण रस्त्यात भेटल्यावर त्या जरा जपून हसल्या. नकाशेवाल्याला ताईने फोन केला आणि म्हणाली, "ते आता कुठे ऐकायला मिळणार नाही. मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." तो "हं" म्हणाला. त्याने सांगितलं की नाही, कुणास ठाऊक.

सगळ्यात कठीण आई होती. ताईने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तो आला नव्हता. आणि तुझ्या बोलण्यानेही नाही, त्याला ते आठवतसुद्धा नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"आला असेल गं," ती म्हणाली. "तुला आता आठवत नसेल."

"आई, मी रचलं ते."

"असू दे. पण हाकललंस ते बरं केलंस." आणि ती उठून शेजारणीकडे गेली. तिथे ही गोष्ट आजही चालू आहे, आणि दर वेळी नकाशेवाला थोडा जास्त गयावया करतो.

हिवाळा लागता लागता ताईला वाचनालयाच्या फळ्यावर छोटीचं नाव दिसलं. ती गेली. मागच्या रांगेत बसली.

छोटीने आपल्या एका शिकाऊ बाईंची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या बाई, नवरा गेल्यावर त्याची घरी पडून असलेली गाडी चालवायला शिकायला आलेल्या. गोष्ट वाईट नव्हती. पण छोटी जास्त जपून बोलत होती. प्रत्येक ठिकाणी "म्हणजे मला नक्की आठवत नाही, पण" असं म्हणत होती, आणि मध्येच परवान्याच्या परीक्षेचे नियम समजावत बसली. लोक दोनदा हसले. शेवटी टाळ्या पडल्या त्या रीतीपुरत्या.

ताईला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरून कुणी हात काढावा तसं. मग त्या सुटकेची लाज वाटली. आणि मग तिने पाहिलं की छोटी माइकपाशी घुटमळतेय, कारण आजवर तिला इतक्या लवकर कुणी जाऊ दिलं नव्हतं. ताई टाळ्या वाजवत राहिली. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या. दोघाचौघांनी मागे वळून पाहिलं.

जिना उतरताना छोटीने तिला गाठलं. "एवढ्या टाळ्या कशाला? पडली ती गोष्ट. मला कळतं."

"मध्ये लांबली," ताई म्हणाली.

"कुठे?"

"परीक्षेचं सांगायला लागलीस तिथे. त्या बाई पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या आणि सीट पुढे ओढायला तयार नव्हत्या, नवऱ्याने लावलेली तशीच ठेवा म्हणाल्या, तिथे थांबायचंस. तिथे मला रडू येत होतं."

छोटी दोन पायऱ्या उतरली. "ते मी घाईत सांगितलं."

"तेच म्हणतेय."

"पण नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळलं नसतं लोकांना."

"कळलं असतं."

"कसं कळणार? तुला गाडी येत नाही, म्हणून तुला वाटतं कळेल."

"गाडी येत नाही म्हणूनच सांगतेय. मला कळलं ना?"

बसस्टॉपपर्यंत त्या वाद घालत गेल्या. बस आली, आणि एकाच सीटवर बसून पुन्हा पहिल्यापासून वाद घालू लागल्या.